शेअरला फुल कंट्रोल दिलं तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ : डिनायच्या नादी लागू नका

भाऊ, तुमची पोस्ट म्हणजे आमच्या नागपूरच्या धरमपेठमधल्या सीए ऑफिसचीच जुनी कहाणी आहे. तुम्ही लिहिता, सर्व्हरवरच्या क्लायंट फोल्डरला शेअरिंगमध्ये फुल कंट्रोल (सगळे हक्क) आहे, तरी नव्या आर्टिकल्सच्या (शिकाऊ मुलांच्या) फाइल्स सेव्ह होत नाहीत. आणि एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कॉम्प्युटरवाला) म्हणतो, ‘एव्हरीवनला सगळं देतो, पगाराच्या फोल्डरला डिनाय (थेट मनाई) मारतो.’ त्याला आधी थांबवा.

सेव्ह का होत नाही? नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरची परमिशन आणि सिक्युरिटी टॅबमधली एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची), दोन्ही लागतात; त्यातली जी कडक, ती चालते. शेअरवर ऑथेंटिकेटेड यूझर्सना (लॉगिन केलेल्या सगळ्यांना) फुल राहू द्या, नेमकं काय द्यायचं ते सिक्युरिटीत ठरवा. तेही ग्रुपला, आणि मॉडिफायच (वाचणं, बदलणं, पुसणं एवढंच). फुल कंट्रोलवाला परमिशनसुद्धा बदलू शकतो. ग्रुपमध्ये नाव टाकल्यावर त्या मुलांना लॉग-ऑफ करून परत यायला सांगा.

आता डिनायचं. आमच्या एएमसीवाल्यांनी आर्टिकल्सना अडवायला डोमेन यूझर्सवर डिनाय लावला, तोही सगळ्यात वरच्या फोल्डरला. त्या ग्रुपमध्ये ऑफिसातला प्रत्येक जण असतो, पार्टनरसुद्धा. सगळेच बाहेर! ३० सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर. फोन केला तर ‘माणूस येऊन राहिला’, एवढंच उत्तर. तो आला, ओनरशिप (फोल्डरची मालकी) घेतली, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन’ वाली टिक केली आणि ओके दाबलं. छोट्या खिडकीतून फाइलींची नावं सरसर पळत होती आणि प्रत्येक नावासोबत आतल्या फोल्डरची वेगळी लावलेली परमिशन पुसली जात होती. डिनाय गेला, पण पगाराचं फोल्डर सगळ्यांना उघडं झालं. कोणाला काय होतं याची नोंदच नव्हती. एकेका क्लायंटचं फोल्डर हातानं लावत बसलो. बिल मात्र ‘सर्व्हर सर्व्हिसिंग’ म्हणून वेळेवर आलं. अजून संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत : लहान ऑफिसात डिनायला हात लावू नये. पगाराच्या फोल्डरचं इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणारी परमिशन) बंद करा, जुन्या नोंदी कॉपी करून ठेवण्याचा पर्याय निवडा, मग सर्वसाधारण ग्रुप काढा. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स तसेच राहू द्या. आणि कोणीही हात लावण्याआधी आय-सी-ए-सी-एल-एस कमांडच्या सेव्ह पर्यायानं सगळ्या परमिशन एका फाइलमध्ये उतरवून घ्या. बिघडलं तर त्याच कमांडच्या रिस्टोअरनं परत येतात. नेहमीच्या डेटा बॅकअपवर विसंबू नका, साध्या कॉपी-पेस्टमध्ये परमिशन येत नाहीत. शेवटी ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ मध्ये एका आर्टिकलचं नाव टाकून त्याला खरोखर काय मिळतं ते बघा.

हे विंडोज सर्व्हर आणि डोमेनपुरतं. सांबा (लिनक्सवरचं फाइल शेअरिंग) असेल तर मांडणी वेगळी.

तुमचा जुना नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर उघडत नाही म्हणता, ते बहुधा बिनपासवर्डच्या गेस्ट लॉगिनमुळे. नॅसवर पासवर्डचं खातं काढा, फर्मवेअर अपडेट करा. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. २०१७ चं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेनं पसरलं होतं.