तुझा पोर्टफोलिओ तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो

प्रश्न : सर, मी फलटणजवळच्या गावातली. बी.एस्सी. संगणकशास्त्राचं शेवटचं वर्ष. बाबांचं दूध संकलन केंद्र आहे. तिथं दूध घालणाऱ्यांसाठी मी फिग्मात (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) एका ॲपचे २२ स्क्रीन केले. पुण्यात मुलाखतीला गेले तर विचारलं, "तुमची प्रोसेस काय?" मी रंग आणि फॉन्ट सांगत बसले. नाही घेतलं. यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याच्या सोयीनं ॲप आखायचं काम, माझ्यासाठी नाहीच का?

उत्तर : तुझे २२ही स्क्रीन पाहिले. हात चांगला आहे. पण पोर्टफोलिओ उघडला की थेट लॉगिन समोर येतं. त्याच्या आधी काय झालं, ते कुठंच नाही. आणि मुलाखतीत विचारलं ते तेच.

आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकात (२०१० चं, २०१९ मध्ये सुधारलेलं) या कामाचे चार भाग आहेत. वापरणारा कोण, कुठं आणि कशा परिस्थितीत वापरणार हे समजून घेणं, त्यातून गरजा ठरवणं, उपाय आखणं, आणि तो त्याच माणसांसमोर ठेवून तपासणं. तपासताना खोट निघाली की ती जिथं राहिली त्या पायरीवर परत जायचं. तू तिसरीपासून सुरुवात केलीस आणि तिथंच थांबलीस. कंपन्या याच पायऱ्यांना निरनिराळी नावं देतात, ती पाठ करत बसू नकोस.

पहिल्या पायरीसाठी तुझ्या घरातच जागा आहे. आठवडाभर सकाळी केंद्रावर उभी राहा. किटली रिकामी झाली की माणूस पावतीवर आधी काय बघतो, लिटर की फॅट? हात ओले, चष्मा घरी, फोन कदाचित पोराकडं. तुझ्या होम स्क्रीनवर मात्र महिन्याचा आलेख आहे, आणि आजची फॅट चौथ्या स्क्रीनवर 'ॲनालिटिक्स' नावाखाली! "ॲप कसं वाटेल?" असं विचारू नकोस. बाबांची मुलगी म्हणून सगळे "बेस्ट" म्हणतील. "मागच्या दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब कसा जुळवला, दाखवा" असं म्हण. मग कुणी कॅलेंडरवर लिहिलेले आकडे दाखवेल, कुणी पिशवीतून पावत्या काढेल. त्यांचे फोटो विचारून घे.

मग गरज एका वाक्यात लिही. समजा, ती "घरी पोचायच्या आत आजची फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) कळावी" अशी निघाली, तर कदाचित ॲप लागणारच नाही, मराठीतला एक एसएमएस पुरेल. तसं निघालं तर बिनधास्त लिही. मी मुलाखत घेत असतो तर त्या पानावर थांबलो असतो.

तिसरी पायरी आधी कागदावर कर, फिग्मा नंतर. चौथीला पाच जण बोलव. एका फेरीला पाच पुरतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं. त्यावर वाद आहेत, पण तुझ्या कामाला तेवढे चालतील. "कालच्या संध्याकाळची फॅट शोधा" म्हण आणि गप्प बस. बोट कुठं अडतं ते टिपून घे. सांगायचा मोह फार होतो, मलाही व्हायचा. चुका दुरुस्त कर आणि पुन्हा पाच जणांना दाखव.

पुढं शिकायचं असेल तर तीन वर्षांच्या पदवीवर सीड ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा देता येते. आयआयटी मुंबई ही परीक्षा घेते आणि तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) आहे. अर्जाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघ.

पोर्टफोलिओचं नवं पहिलं पान झालं की मला पाठव. स्क्रीन नकोत, त्या कॅलेंडरचा फोटो चालेल.