रोहिणीपासून सुरुवात करताना

नक्षत्रांच्या अभ्यासासाठी आपण रोहिणी निवडलीत, हे उत्तम झाले. प्रथम मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांची रेषा व्याध या तेजस्वी ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला वाढवून रोहिणीचा तांबूस तारा डोळ्यांनी पाहावा. दक्षाच्या 27 कन्यांपैकी चंद्र रोहिणीपाशीच रमला आणि शापाने क्षयी झाला, ही कथा चंद्र कधीकधी या ताऱ्याला खरोखरच झाकून टाकतो हे कळल्यावर अधिक उमगते.

नवख्यांच्या चुका बहुधा दोनच असतात:

- तारा आणि नक्षत्र एकच मानणे. नक्षत्र म्हणजे वृषभेचे 10 अंश ते 23 अंश 20 कला.
- सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) गणितातले या ताऱ्याचे मिथुनेचे अंश निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजलेल्या) पत्रिकेत मांडणे.

देवता प्रजापती, स्वामी चंद्र, एवढे तूर्त पुरे. शकटभेद, म्हणजे रोहिणीच्या गाड्यासारख्या तारकाकृतीतून ग्रहाचे जाणे, नंतर पाहू.