चहाच्या वासाचा परफ्यूम आणि मानेवरचे डाग

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की या सदराकडे परफ्यूमबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी चहाच्या वासाच्या परफ्यूमबद्दल आहेत : ग्रीन टी, अर्ल ग्रे, मसाला चाय. गैरसमज सगळ्यांचा एकच. चहा घरात रोज उकळतो, तेव्हा त्याचा वास अंगाला काय अपाय करणार? म्हणून निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतो आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो की बाटलीत दार्जिलिंगच्या चहाचा अर्क आहे. खरंच असतो का? (विलेपार्ले)

बहुतेक बाटल्यांत नसतो. चहाच्या पानांपासून सुगंधी अर्क काढता येतो, पण तो महाग पडतो आणि क्वचितच वापरतात. चहाचा वास रचावा लागतो. १९९२ साली फ्रेंच परफ्यूमकार जाँ-क्लोद एलेना यांनी बुल्गारी या इटालियन ब्रँडसाठी ग्रीन टीचा परफ्यूम केला आणि तिथून ही पद्धत रुळली. जाईच्या वासाशी नातं सांगणारं हेडिओन, व्हायोलेटच्या फुलांची आठवण देणारं आयोनोन आणि वर बर्गमॉट या फळाचं तेल, एवढ्यावर नाकाला चहाचा भास होतो. यात फसवणूक काही नाही, ते कौशल्यच आहे. फसवणूक होते ती 'शंभर टक्के चहाचा अर्क, त्यामुळे निर्धोक' असं सांगून बाटली गळ्यात मारली जाते तेव्हा. आत काय आहे हे खोक्यावरच्या बारीक अक्षरांत वाचा. काउंटरपलीकडून सांगितलेलं धरू नका.

प्रश्न : मी दिवसातून चार कप चहा घेते, कधी त्रास नाही. मग चहाच्या परफ्यूमची अॅलर्जी कशी होईल? (गिरगाव)

चहा पोटात जातो, परफ्यूम त्वचेवर राहतो. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

प्रश्न : 'मसाला चाय' नावाचा परफ्यूम लावल्यापासून कानामागे आणि काखेत खाज येते, बारीक पुरळही उठलं आहे. नैसर्गिक तेलांचा आहे, असं लेबलवर लिहिलंय. सवय होईपर्यंत लावत राहू का? (मुलुंड)

आजच बंद करा. अॅलर्जीची सवय होत नाही, दर वेळी लावण्याने ती पक्की होत जाते.

'नैसर्गिक' या शब्दाने त्वचा सुरक्षित होत नाही. दालचिनीतलं सिनॅमाल आणि लवंगेतलं युजेनॉल हे दोन्ही पदार्थ निसर्गातलेच. सुगंधाची अॅलर्जी शोधण्यासाठी पॅच टेस्टमध्ये जे मिश्रण आम्ही पाठीवर लावतो, त्यात हे दोन्ही असतात. मसाल्याच्या परफ्यूममध्ये तेच असण्याची शक्यता मोठी. 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' या शिक्क्यालाही भुलू नका. चाचणी किती जणांवर, किती दिवस केली आणि निकाल काय लागला, यातलं काहीच तो सांगत नाही.

पॅच टेस्ट करून घ्या. पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोनदा पाठ तपासतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, म्हणून मुंबईत डिसेंबर-जानेवारीत ती नीट होते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. येताना बाटली आणि खोकं दोन्ही आणा.

प्रश्न : दाढी किंवा वॅक्सिंग केल्यावर लगेच फवारला तर चालतो का? (ठाणे)

नाही. सोललेल्या त्वचेवर अल्कोहोलही नको आणि सुगंधही नको.

प्रश्न : अर्ल ग्रेच्या वासाचा परफ्यूम मानेला लावून विसर्जनाच्या मिरवणुकीत दिवसभर होते. दोन दिवसांनी मानेवर ओघळासारखा तपकिरी पट्टा आला. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळायला सांगितलं, केमिस्टने डाग जाण्याची ट्यूब दिली. महिना झाला, डाग अजून गडद झालाय. (लालबाग)

याच पत्रासाठी आजचं सदर लिहायला घेतलं.

अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉटच्या तेलाचा वास दिलेला काळा चहा. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ, मुख्यतः इटलीच्या कलाब्रिया भागात पिकतं. सालीतून पिळून काढलेल्या त्याच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेत मुरलं आणि वरून उन्हातले यूव्हीए किरण पडले की दोघे मिळून त्वचा भाजून काढतात. आधी लाली आणि जळजळ, कधी कधी तीही नाही, आणि मग तपकिरी रंग. फवाऱ्याचा थेंब जसा ओघळला असेल तसाच डाग उमटतो. याला अॅलर्जी असावी लागत नाही. पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन मिळालं तर कोणालाही होतं. हे किरण ढगातून येतात, टॅक्सीच्या बंद काचेतूनही येतात. डॉक्टरांनी हे प्रकरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलेलं आहे.

मोठे उत्पादक आता बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात. 'इफ्रा' या सुगंधउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरच्या उत्पादनांत पिळलेल्या बर्गमॉट तेलाला ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण फूटपाथवरची 'फर्स्ट कॉपी' किंवा घरी तेलं मिसळून ऑनलाइन विकलेली बाटली हे नियम पाळते, असं समजायला काहीही आधार नाही. ज्या बाटलीवर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादन परवान्याचा किंवा आयातीच्या नोंदणीचा क्रमांक नाही, ती अंगाला लावूच नका.

आता लिंबू. लिंबाच्या सालीत आणि रसातही बर्गाप्टेनच्या जातीचीच द्रव्यं असतात. डागावर लिंबू चोळून उन्हात जाणं म्हणजे तोच अपघात त्याच जागी पुन्हा घडवणं. काकूंचा हेतू चांगला असेल, सल्ला घातक आहे.

आणि ती ट्यूब. डाग घालवणाऱ्या ज्या ट्यूबा केमिस्ट सहज हातात ठेवतो, त्यांतल्या कित्येकांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे त्रिकूट असतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात डाग फिका वाटतो आणि माणूस खूश होतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. यातून बाहेर यायला महिनोन् महिने लागतात. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल 'एच'मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर 'डागाची ट्यूब द्या' म्हटलं की मिळते. मागू नका आणि कोणी दिली तरी घेऊ नका.

उन्हाचा डाग एकटा असता तर ऊन टाळून आणि सनस्क्रीन लावून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतरणीला लागला असता. आपल्या वर्णाच्या त्वचेत रंग हळूच उतरतो, तेवढा धीर लागतो. पण तुमच्या मानेवर आता महिनाभराचं लिंबू आणि ट्यूब यांचीही भर पडली आहे, त्यामुळे वाट पाहत बसू नका. ट्यूब घेऊन या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी थांबवायची हेही त्यांनाच ठरवू द्या.

हे वाचून आपल्या मानेचा प्रत्येक काळेपणा परफ्यूमच्या नावावर घालू नका. इमिटेशन मंगळसूत्रातल्या निकेलने साखळीखाली पुरळ येऊन काळा पट्टा पडतो. केस रंगवण्याच्या डायने केसांच्या कडेची त्वचा काळवंडते. आणि मान जाड, मखमलीसारखी काळी होत असेल, काखेतही तसंच असेल, तर ती पुष्कळदा वाढत्या वजनाची आणि मधुमेहाकडे झुकण्याची खूण असते. तिथे परफ्यूम बदलून काही होणार नाही, रक्तातली साखर तपासायला हवी. घासून घासून मान सोलून काढणारे लोक मी पाहतो आणि जीव हळहळतो. तो मळ नाही.

प्रश्न : मग कपड्यांवर मारू का? (दादर)

हो, उन्हात जाणार असाल तर तेच बरं. सुती कपड्याच्या आतल्या बाजूला, एक-दोन फवारे. पैठणीवर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर नको, डाग राहतो. फवारा मारताना पेटता गॅस, समई जवळ नको. बाटलीत मुख्यतः अल्कोहोल असतं.

प्रश्न : ग्रीन टीची तीन वर्षांची अर्धी बाटली आहे. वास थोडा बदललाय. वापरू? (बोरिवली)

टाकून द्या. चहाच्या परफ्यूममध्ये लिनालूल आणि लिमोनिन ही सुगंधी द्रव्यं हमखास असतात. ताजी असताना ती फारशी त्रासदायक नसतात, पण हवेशी संयोग होऊन जी द्रव्यं तयार होतात ती अॅलर्जी करतात. अर्ध्या बाटलीत हवा भरलेलीच असते. नवी बाटली लहान घ्या आणि खिडकीत किंवा बाथरूममध्ये न ठेवता कपाटात ठेवा.

प्रश्न : मला दमा आहे. लोकलच्या डब्यात कोणी परफ्यूम मारला की श्वास अडकतो. चहाचा सौम्य वास चालेल का? (कल्याण)

वास सौम्य म्हणून दम्याला तो सौम्य ठरत नाही. स्वतः लावू नका, इनहेलर पर्समध्ये असू द्या आणि वासाने वारंवार दम लागतोय हे छातीच्या डॉक्टरांना सांगा; औषधाचा डोस बदलावा लागू शकतो. बाकीच्यांना विनंती : भरलेल्या डब्यात बाटली उघडू नका.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला बारशाच्या फोटोसाठी एकच फवारा? (परळ)

नको. झबल्यावरही नको.