किल्ली आत, दारं लॉक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रंकाळ्यावर गाडी लावली, किल्ली सीटवरच राहिली आणि दारं लॉक झाली. जमलेल्यांपैकी एकानं काचेच्या रबरातून स्टीलची पट्टी घालायला सांगितलं. तसं करावं का? (राजारामपुरी)

उत्तर : पट्टी घालू नका. जुन्या गाड्यांत दाराच्या घुंडीपासून लॉकपर्यंत उघडी सळई असायची. ती पट्टीनं ओढली की काम व्हायचं. आता बहुतेक गाड्यांत त्या जागी आवरणातली केबल असते आणि लॉकवर झाकण. पट्टीला ओढायला काही मिळत नाही. मिळतात त्या पॉवर विंडोच्या वायरी, काचेचं रबर, आणि काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर. पट्टी त्यांत अडकली तर दार उघडत नाहीच, वर दुरुस्ती मागं लागते.

आधी चारही दारं आणि डिकी एकदा ओढून पाहा. सेंट्रल लॉकिंगची एखादी मोटर अधू असेल तर एक दार लॉक न होता राहतं. नसेल, तर हवेची पिशवी वापरणारा किल्लीवाला बोलवा. फोनवरच विचारा, 'पिशवीनं उघडणार की तारेनं?' आणि पैसेही तेव्हाच ठरवून घ्या. चांगला कारागीर तुमच्याकडं आरसी मागेल. ती मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये ठेवलेली बरी.

तो काय करतो ते कळलं तर लक्ष ठेवता येतं. जागा म्हणजे पुढच्या दाराचा वरचा, मागच्या बाजूचा कोपरा, बिजागरीपासून सर्वांत लांबचा. तिथली धूळ पुसायची, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात. मग प्लास्टिकची पाचर सरकवायची, तिच्या शेजारी रिकामी पिशवी, आणि हातपंपानं थोडी थोडी हवा. सळई जाईल एवढी, सेंटिमीटरभर फट पुरते. सळईच्या टोकाला रबर हवं. सीटवरच्या रिमोटचं अनलॉक बटण दाबता आलं तर सर्वांत सोपं. नाहीतर पुढच्या दाराचं आतलं हँडल ओढायचं. बऱ्याच गाड्यांत पहिल्या ओढीत लॉक सुटतं, दुसऱ्या ओढीत दार. मागच्या दारावर वेळ घालवू नये. चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ते आतून उघडतच नाही. उघडताना अलार्म वाजेल, घाबरू नका. रिमोटचं बटण दाबलं किंवा गाडी सुरू केली की बंद होतो.

यात बिघडतं ते घाईमुळं. पाचरीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घातला की पत्र्याची कड वाकते, रंग उडतो आणि पावसाळ्यात तिथं गंज धरतो. हवा जास्त भरली तर दाराची चौकट बाहेर झुकते. मग हायवेला शीळ वाजते आणि कोल्हापूरच्या पावसात पाणी थेट सीटवर. काम झाल्यावर कागदाची पट्टी त्या कोपऱ्यात धरून दार लावा आणि ओढा. ती अडखळत निघाली तर रबर नीट बसलंय. अलगद निघाली तर कारागीर जायच्या आत चौकट सरळ करून घ्या.

प्रश्न : आत लहान मूल असेल तर? (फुलेवाडी)

उत्तर : तर किल्लीवाल्याची वाट पाहायची नाही. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान साधारण १० अंशांनी चढू शकतं, आणि मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. एकानं ११२ ला फोन लावावा. मूल समजतं असेल तर खुणेनं पुढच्या दाराचं हँडल ओढायला सांगा. गाडी उन्हात असेल, मूल लालबुंद, सुस्त किंवा हाकेला ओ देत नसेल, तर त्याच क्षणी काच फोडा. गाडीच्या किमतीचा विचार नको.

पुढची मोठी काच निवडू नका. तिच्या दोन थरांत प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही. मुलापासून सर्वांत लांबच्या दाराची काच घ्या. मध्यभागी मारलेला घाव बऱ्याचदा परत उसळतो. खालच्या कोपऱ्यात, कडेजवळ, टोकदार लोखंडानं जोरात मारा. तुमचा पाना डिकीत अडकलेला असणार, म्हणून शेजारच्या गाडीवाल्याकडून मागून घ्या. तोंड वळवा, हाताला जाड कापड गुंडाळा. मूल बाहेर काढलं की सावली, अंगावरचे कपडे सैल, ओल्या कापडानं अंग पुसणं, वारा घालणं, आणि लगेच सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं दुसरं रुग्णालय गाठा.

प्रश्न : बटणस्टार्ट गाडी आहे. किल्लीची पर्स डिकीत राहिली तर गाडी लॉक व्हायला नको ना? (शाहूपुरी)

उत्तर : नको, तरीही होते. किल्ली आत असल्याचं गाडीला रेडिओ लहरींनी कळतं. किल्लीचा सेल उतरला असेल, किंवा ती पर्समध्ये मोबाईल नाहीतर धातूच्या डब्याला चिकटून असेल, तर गाडीला ती जाणवत नाही. बऱ्याच किल्ल्यांत सीआर२०३२ सेल असतो. रिमोट जवळूनच चालायला लागला की बदला. दुसरं कारण, रिमोटनं उघडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर बऱ्याच गाड्या स्वतःहून पुन्हा लॉक होतात.

कंपनीचं अ‍ॅप असेल तर त्यातून अनलॉक करून पाहा. ह्युंदाईच्या ब्लूलिंकमध्ये ही सोय आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीला नेटवर्क मिळालं नाही तर ते चालणार नाही. घरच्या दुसऱ्या किल्लीचा सेल उतरला असला तरी तिच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून चालकाचं दार उघडता येतं. छिद्र दिसत नसेल तर ते हँडलच्या टोपणाखाली असतं.

प्रश्न : फुटलेल्या काचेचा विमा मिळतो का? (कळंबा)

उत्तर : सर्वंकष पॉलिसीत मिळतो, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये तुमच्या खिशातून जातात आणि दावा केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, साधारणपणे जातो. तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर एका दाराच्या काचेसाठी दावा करणं बहुधा परवडत नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर त्यांचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यातला कागद अशा वेळी आतच असतो.

प्रश्न : पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? (उद्यमनगर)

उत्तर : चिप नसलेली साधी लोखंडी किल्ली कापून घ्या आणि पाकिटात ठेवा. तिनं इंजिन सुरू होणार नाही, कारण इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्लीतली चिप मागतो. पण दार उघडेल, तेवढंच हवं. खोबणीची किल्ली असेल तर ती कापायचं मशीन असलेलाच कारागीर लागतो. गाडीबरोबर आलेल्या किल्लीच्या नंबराच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. नवी किल्ली पहिल्यांदा फिरवून पाहताना चालकाची काच खाली आणि मूळ किल्ली हातात असू द्या. ती घट्ट वाटली तर जोर लावू नका, लॉकमध्येच मोडेल. परत नेऊन घासून घ्या.