मनी चावण्याआधी काय सांगते?

प्रश्न : आमची दोन वर्षांची मनी स्वतःहून मांडीवर येते, घुरघुरते, शेपटी हलवते आणि पाठीवरून हात फिरवत असतानाच एकाएकी चावते. पोट वर करून लोळत असताना पोटाला हात लावला, तर नखे मारते. सासूबाई म्हणतात, मांजराची जातच बेइमान. ऊन वाढल्यापासून ती दिवसभर कूलरमागे बसून असते. तिचा स्वभाव बिघडला आहे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मनी बेइमान नाही, चावण्याआधी ती आपल्याला सांगत असते. आपण लिहिलेले ‘शेपटी हलवते’ हे शब्दच त्याची खूण आहेत. कुत्रा आनंदाने शेपटी हलवतो म्हणून मांजराचेही तसेच असावे, असे आपण धरून चालतो. परंतु मांजराची शेपटी डावीकडे-उजवीकडे आपटू लागली, तर बहुतेक वेळा ते चिडल्याचे लक्षण असते. स्नेहाने जवळ येणारी मांजर शेपटी सरळ उभी धरते आणि तिचे टोक किंचित वळलेले असते. मांडीवर असताना शेपटी आपटू लागली, कान बाजूला किंवा मागे वळले, पाठीची कातडी थरथरली किंवा घुरघुर थांबली, की हात तिथेच थांबवावा. या खुणांकडे दुर्लक्ष झाले, की तिच्याजवळ दातच उरतात. हनुवटी, गाल आणि कानांच्या मुळाशी कुरवाळलेले बहुतेक मांजरांना आवडते. पोट उघडे टाकणे हा मात्र विश्वास आहे, हात लावण्याचे निमंत्रण नव्हे.

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. डोळ्यांतल्या बाहुल्या भीतीने मोठ्या होतात, तशाच खेळाच्या भरात आणि पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीतही होतात. त्यामुळे कान, शेपटी आणि अंगाची ठेवण एकत्र पाहावी. घुरघुरही केवळ सुखाची नसते, दुखणाईत मांजरही घुरघुरते. मनीशी आपल्यालाही बोलता येईल : तिच्याकडे टक लावून न पाहता डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरांनी अशा मिचकावण्याला तशाच मिचकावण्याने प्रतिसाद दिला आणि त्यानंतर ती अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळही अधिक सहजपणे आली.

आता कूलरचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तिने गारव्याची जागा धरणे स्वाभाविकच आहे. मात्र मांजर दुखणे लपवते. ती जेवत नसेल, अंग चाटून स्वच्छ करत नसेल, पाठीला कुबड काढून मान खाली घालून बसत असेल, डोळे बारीक झाले असतील आणि कान एकमेकांपासून दूर, बाहेरच्या बाजूला वळलेले असतील, तर तिला वेदना होत असण्याची शक्यता आहे. पशुवैद्यकही मांजराच्या चेहऱ्यावरून वेदनेचा अंदाज घेताना कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण पाहतात. अशा वेळी तिला त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाकडे किंवा सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. ती तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल, तर तासभरही थांबू नये.