प्रोसेसर झोपल्यावर त्याला उठवतो कोण?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याच्या कर्नलचा (म्हणजे गाभ्याच्या प्रणालीचा) टायमर सेकंदाला 250 वेळा टिक, म्हणजे नियमित इशारा, देतो, असे वाचले. मग काम नसताना प्रोसेसर गाढ झोपतो तरी कसा? आणि त्या झोपेत टायमरच थांबला, तर त्याला जागे कोण करते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पूर्वी काम असो वा नसो, दर 4 मिलिसेकंदांनी टिक येऊन प्रोसेसरची झोप मोडत असे. कर्नलच्या 2007 मधील 2.6.21 या आवृत्तीपासून रिकाम्या कोअरवरील (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील एकेक स्वतंत्र गणनाघटक) टिक थांबवण्याची सोय येऊ लागली. तेव्हा कर्नल टायमरांच्या यादीतील सर्वांत जवळची वेळ पाहतो आणि तेवढ्याच क्षणासाठी गजर लावतो.

पण किती खोल झोपायचे, हा खरा अवघड प्रश्न आहे. झोप जितकी खोल, तितका तिच्यात शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा खर्च जास्त; त्यामुळे ठरावीक काळापेक्षा आधी जाग आली, तर वीज वाचण्याऐवजी वाया जाते. टायमरची वेळ कर्नलला ठाऊक असते, मात्र कीबोर्ड किंवा नेटवर्क केव्हा हाक मारेल हे ठाऊक नसते, म्हणून गव्हर्नर नावाचा भाग आधीच्या झोपांवरून अंदाज बांधतो. 2018 मधील 4.17 या आवृत्तीपूर्वी टिक आधी थांबवली जाई आणि झोपेची पातळी नंतर ठरे. कर्नलचे एक विकासक राफाएल विसोत्स्की यांनी हा क्रम बदलला. आता झोप थोडकीच ठरेल असे वाटले, तर टिक चालूच राहते. आणि तो अंदाज चुकून कोअर उथळ झोपेत अडकला, तर तीच टिक त्याला उठवून फेरविचाराची संधी देते. माझ्या मते या रचनेतील सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत : जुन्या इंटेल प्रोसेसरांत सी-3 सारख्या खोल झोपेच्या अवस्थेत कोअरचा स्वतःचा एपिक टायमर खरोखरच थांबत असे, म्हणून एचपेटसारख्या बाहेरच्या, चालू राहणाऱ्या टायमरकडे त्याला उठवण्याचे काम सोपवले जाई. नव्या प्रोसेसरांत एपिक टायमर झोपेतही चालतो. आपल्या यंत्रातील प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो (/proc/cpuinfo) फाइलीत ‘एआरएटी’ (arat) ही खूण दिसली, तर ती सोय आहे असे समजावे.

एवढे असूनही बॅटरी लवकर उतरत असेल, तर पॉवरटॉप हे विजेचा वापर तपासणारे साधन चालवून कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो ते पाहावे. दर 10 मिलिसेकंदांनी विनाकारण चौकशी करणारा एकच प्रोग्राम खोल झोपेचा मोठा वाटा हिरावून घेऊ शकतो.