वाचकांचे प्रश्न : ‘अमर ज्योती’ नेमकी कोणाकोणाची?

गेल्या महिन्यात या सदरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या बोलपटांचा ओझरता उल्लेख आला आणि त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच चित्रपटाविषयी निघाली. तो चित्रपट म्हणजे १९३६ सालचा ‘अमर ज्योती’. समुद्रावरच्या चाचेगिरीची, सुडाची आणि भरपूर गाण्यांची ही कथा ज्यांनी घडवली, त्या मंडळींविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : ‘अमर ज्योती’मध्ये दुर्गा खोटे यांनी खरोखरच समुद्री चाच्यांच्या नायिकेचे काम केले होते काय? माझा नातू हे मान्यच करत नाही. त्याने त्यांना केवळ ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाईच्या भूमिकेत पाहिले आहे.

उत्तर : नातवाला हा चित्रपट अवश्य दाखवावा. दुर्गाबाईंची सौदामिनी ही नावापुरती चाची नाही. ज्या राज्यात कायद्याने बायको ही नवऱ्याची दासी मानली जाते, तिथे तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. त्यानंतर ती समुद्राचा आश्रय घेते, टोळी उभारते, राजघराण्याच्या जहाजावर हल्ला चढवते आणि तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या न्यायमंत्री दुर्जयाला पकडते. त्याचा एक पाय तोडला जातो. त्या जहाजावर राजकन्या नंदिनीही आहे, हे टोळीला ठाऊक नसते. पुढे या राजकन्येचे मन सुधीर नावाच्या धनगराच्या पोरावर बसते आणि हा सुधीर म्हणजे सौदामिनीचाच हरवलेला मुलगा असतो. गोष्ट सांगून टाकली म्हणून वाचकांनी रागावू नये. नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटात रहस्य राखण्यासारखे फारसे उरत नाही, आणि पाहण्यासारखे मात्र पुष्कळ उरते.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा, म्हणजे उपवर मुलाच्या आईची ही भूमिका त्यांनी एकतिसाव्या वर्षी केली. आपल्याकडे नायिकांना लवकर ‘आई’ करण्याची जी खोड आहे, तिचे हे उदाहरण मानता येणार नाही, कारण इथली आईच नायिका आहे आणि तरुण जोडी तिच्या मागून चालते. शिवाय ‘प्रभात’ला त्यांचा हा बाणा नवा नव्हता. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांनी तारामती रंगवली आणि त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या चित्ता बाळगणारी राणी झाल्या. मुंबईच्या सुशिक्षित, खात्यापित्या घरातल्या बाईने चित्रपटात काम करणे हीच त्या काळी केवढी खळबळ होती. त्यात पुन्हा दोन लहान मुलांची जबाबदारी. एका कंपनीला बांधून न घेता त्यांनी कोलकात्यातही कामे केली, ही गोष्ट कंपन्यांच्या पगारी काळात विशेषच म्हणायला हवी.

प्रश्न (पुणे) : श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रणासमोर दामले आणि कलादिग्दर्शनासमोर फत्तेलाल अशी नावे आहेत. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल ते हेच का? दिग्दर्शकांनी दुसऱ्याच्या चित्रपटात अशी दुय्यम कामे का केली असतील?

उत्तर : तेच. मात्र ‘दुय्यम’ हा शब्द दोघांनाही मानवला नसता, कारण ते कंपनीचे मालकही होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली ती पाच भागीदारांवर : विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीच्या धंद्यातले सीतारामपंत कुलकर्णी. यांतले पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. तिथे पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्याचे भाग जुळवण्यापर्यंत सगळे हातानेच शिकावे लागे. साहजिकच ‘प्रभात’मध्ये मालक म्हणजे गादीवर बसून हिशेब पाहणारा माणूस असे चित्र कधीच नव्हते. कोणत्या भागीदाराने कोणता विभाग सांभाळायचा हे ठरलेले असे आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आल्यावरही ती पद्धत चालू राहिली. दामले ध्वनी सांभाळत. फत्तेलाल हे मुळात चित्रकार. चित्रपटातला देश कोणता आणि काळ कोणता हे न सांगताही तो राजवाडा, ती वस्त्रे, ती जहाजे यांवर आपला विश्वास बसतो, याचे श्रेय त्यांच्या नजरेला आहे.

‘अमर ज्योती’ आणि ‘संत तुकाराम’ ही एकाच वर्षाची फळे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कंपनीचा आवाका कळतो. देहूचा वाणी आणि समुद्रावरची चाची, इंद्रायणीचा काठ आणि कल्पित राज्याचा दरबार, हे सारे एकाच छपराखाली, बव्हंशी त्याच सुतारांनी, त्याच रंगाऱ्यांनी आणि त्याच दामले-फत्तेलालांनी उभे केले. म्हणून ‘शांतारामबापूंचा चित्रपट’ असे आपण सवयीने म्हणतो तेव्हा ते अर्धेच खरे असते. दिग्दर्शन त्यांचे, यात वाद नाही.

प्रश्न (नाशिक) : छायाचित्रण धायबरांचे नाही हे पाहून नवल वाटले. ‘अमृतमंथन’ तर त्यांनीच टिपला होता ना?

उत्तर : हो. ‘अमृतमंथन’ (१९३४) केशवरावांच्या कॅमेऱ्याचा. परंतु १९३६ मध्ये ते ‘राजपूत रमणी’च्या दिग्दर्शनाकडे वळले आणि त्यानंतर कंपनीतूनच बाहेर पडले. ‘अमर ज्योती’चे छायाचित्रण व्ही. अवधूत यांनी केले. ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ही त्यांचेच.

प्रश्न (अमरावती) : चंद्रमोहन यांना मराठी येत होते का? ‘प्रभात’च्या मराठी चित्रपटांत ते दिसत नाहीत.

उत्तर : ते मध्य प्रांतातल्या नरसिंहपूरचे, काश्मिरी पंडित घराण्यातले, आणि ‘प्रभात’ने त्यांना घेतले ते हिंदीसाठीच. ‘अमृतमंथन’ दोन भाषांत निघाला, तेव्हा हिंदीतला राजगुरू चंद्रमोहन यांचा होता आणि मराठीतला केशवराव दाते यांचा. दाते यांची शब्दफेक ज्यांनी ऐकली आहे त्यांना तुलनेचा मोह होतो, पण चंद्रमोहन यांचे भांडवल निराळे होते : ते फिकट, पाण्यासारखे, टक लावून पाहणारे डोळे. शांताराम यांनी जर्मनीहून परतल्यावर त्या चित्रपटात या डोळ्यांचे अगदी जवळून घेतलेले दृश्य (क्लोज-अप) पडद्यावर मांडले आणि नट एका रात्रीत सर्वतोमुखी झाला. दुर्जयाच्या भूमिकेत मात्र केवळ डोळे वटारून भागणारे नव्हते. पाय गमावलेला, अपमानाने पोळलेला आणि तरीही राजकन्येवर जीव जडलेला खलनायक उभा करायचा होता, आणि मला विचाराल तर त्यांच्या राजगुरूपेक्षा हा दुर्जय अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘पुकार’मधला जहांगीर पुढे १९३९ मध्ये आला, १९४९ मध्ये हा नट गेलासुद्धा.

प्रश्न (बेळगाव) : माझी आजी ‘सुनो सुनो बन के प्राणी’ हे गाणे गुणगुणत असे. ते याच चित्रपटातले का, आणि गायले कोणी?

उत्तर : याच चित्रपटातले, आणि गायले आहे नंदिनीची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी. त्या काळी ‘प्रभात’मध्ये पडद्यावर जो गाई त्याचाच आवाज ऐकू येई, म्हणून नट निवडताना गळा पाहणे ओघानेच आले. शांताबाई उभ्या उभ्या, हात जोडून गाणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांचे डोळे, मान आणि हात गाण्याबरोबर चालत, आणि त्यामुळे गाणे सुरू झाले की कथा थांबली असे वाटत नसे. रेखेच्या भूमिकेतल्या वासंती याही गायिका नटीच होत्या. ‘धर्मात्मा’त (१९३५) लहान वयात त्यांनी लक्ष वेधून घेतले होते.

संगीत मास्तर कृष्णरावांचे. आळंदीत १८९८ साली जन्मलेले आणि भास्करबुवा बखल्यांकडे शिकलेले कृष्णराव रंगभूमीचे पाणी पिऊन चित्रपटाकडे आले होते. त्याच वर्षीच्या ‘संत तुकाराम’चे संगीत केशवराव भोळे यांचे होते, आणि दोन्ही लागोपाठ ऐकले तर एकाच कंपनीत दोन भिन्न वळणाचे संगीतकार किती मोकळेपणाने नांदत होते, हे कानांनाच कळते. ‘अमर ज्योती’ची गीते आणि हिंदी संवाद नरोत्तम व्यास यांचे आहेत.

प्रश्न (ठाणे) : कथा कोणाची? आणि मराठी आवृत्ती कुठे पाहायला मिळेल?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी : मराठी आवृत्ती निघालीच नाही. ‘प्रभात’ने पुष्कळ चित्रपट दोन्ही भाषांत केले, पण हा फक्त हिंदी.

कथा के. नारायण काळे यांची, आणि या माणसाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ते १९३३ मध्ये निघालेल्या ‘नाट्यमन्वंतर’च्या मंडळींपैकी होते. या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, आणि त्याचा गाभा असा की बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हे का? तीन वर्षांनी सौदामिनी दरबारात जे मागते ते याहून फार निराळे नाही. दिवाणखान्यातला वाद काळ्यांनी उचलून जहाजावर नेला, असे मला वाटते. त्यांनी या चित्रपटात शेखर या सौदामिनीच्या साथीदाराचे कामही केले आणि पुढे ‘वहाँ’ (१९३७) व ‘माझा मुलगा’ (१९३८) यांचे दिग्दर्शन केले. सुधीर झालेले नांद्रेकर यांच्या वाट्याला मुख्यतः प्रेम करणे आणि देखणे दिसणे आले. ते त्यांनी निभावले.

प्रश्न (फलटण) : ‘अमर ज्योती’ला व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले होते, असे एका दिवाळी अंकात वाचले. खरे काय?

उत्तर : दोन चित्रपटांची सरमिसळ झाली आहे. ‘अमर ज्योती’ १९३६ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. तिथे गौरव झाला तो पुढच्या वर्षी, ‘संत तुकाराम’चा.

प्रश्न (इंदूर) : पुण्याला आल्यावर तो स्टुडिओ पाहता येईल का? आणि ही मंडळी पुढे कुठे गेली?

उत्तर : लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘प्रभात’चा मोठा स्टुडिओ आजही तिथे उभा आहे आणि जवळच्या एका रस्त्याला ‘प्रभात’चे नावही आहे. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडून मुंबईत ‘राजकमल’ उभारते झाले. दामले १९४५ मध्ये वारले. शांता आपटे यांचे कंपनीशी बिनसले आणि त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. नंतर त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. तुमच्याकडे त्याची जुनी प्रत असेल, तर ती जपून ठेवावी.